खाटेचा तिसरा हिस्सा

३ मार्च, रविवार

एवढ्या उन्हात कोट! तोही जाडजूड, गादीसारखा फुगलेला, निळा. वरच्या मजल्यावरची पोरगी खांद्यावर टाकून फाटकातून निघाली. मी गॅलरीत दुपटी वाळत घालत होते, चिमटा तोंडातच राहिला. इथे मला अंगावरचा सुती कपडा नकोसा झालाय आणि ही बाई कोट घेऊन कुठे चाललीय? बर्फाच्या डोंगरावर?

सूनबाईला विचारलं. ती म्हणाली, "असेल काहीतरी. आई, तुम्ही खाली फार वाकू नका." वाकते कुठे. नुसतं बघते. सहाव्या मजल्यावरून बघायला वाकावंच लागतं, त्याला मी काय करू!

ही वही धाकट्याला त्याच्या कंपनीकडून मिळाली. लिफ्ट दुरुस्त करणारी कंपनी, पानापानावर लिफ्टचं चित्र. म्हणाला, तुला बोलायला कोणी नसतं तर यात बोल. मी चौथी पास, तीसुद्धा ढकलून. पण कोण तपासणार आहे!

बोलायला कोणी नसतं असं कुठेय. पिटुकली आहे ना. माझी नात. तीन महिन्यांची होईल आता. सगळं ऐकते. मध्येच "ऊं" म्हणते, ते बरोबर ठिकाणी म्हणते.

३१ तारखेचं तिकीट काढून ठेवलंय माझं. तोवर किती बघून घ्यायचंय!

४ मार्च, सोमवार

ती कोटवाली सकाळी उजाडायच्या आत गेली. दुपारी पुन्हा गेली. अंधार पडल्यावर पुन्हा कोट घेऊन चाललीय! येते कधी, जेवते कधी, झोपते कधी? पोरगी आहे की चक्कीतला पट्टा?

धाकटा म्हणाला, "आई, तू पोलिसात भरती हो."

५ मार्च, मंगळवार

आजही तीनदा. माझा जीव कळवळला.

६ मार्च, बुधवार

आज लिफ्टमध्ये मजा. मी, पिटुकली आणि पाच माणसं. दार लागलं की इथले लोक आकड्यांकडे बघत बसतात, जणू आकडे चुकले तर लिफ्ट भलत्याच गावाला जाईल. मला नाही जमत ते. मी विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?" आधी दचकले. मग जे सुटले! टॅक्सीवाला डोंगराकडचा. दुसऱ्या मजल्यावरची शिवणवाली समुद्राकडची. एक नवरा-बायको, तो एका टोकाचा, ती दुसऱ्या टोकाची, भांडण झालं की आपापल्या भाषेत करतात म्हणे, म्हणून वाढत नाही! तळमजला आला तरी कोणी उतरेना. बाहेरचे ओरडायला लागले.

मग माझ्या डोक्यात किडा शिरला. इथलं कोण? म्हणजे जन्मलं इथे, वाढलं इथे, असं एक तरी माणूस असेल ना एवढ्या मोठ्या गावात? गाव म्हटलं तर सून हसते. पण हिशेबाने हे काय आहे ते मला अजून कळलं नाही. मोठं शहर गाडीने दोन तास पुढे. हे त्याच्या शेपटाला फुटलेलं. पण शेपूटच डोक्याहून मोठं! जिकडे बघावं तिकडे बिल्डिंगा, सगळ्या एका साच्यातल्या. पहिल्या आठवड्यात मी दोनदा दुसऱ्याच घराची बेल वाजवली. एकदा आत जाऊन बसलेसुद्धा. त्या बाईने पाणी दिलं, मीही प्यायले, बराच वेळ दोघी बोललो, मग कळलं. आता ती माझी मैत्रीण आहे.

७ मार्च, गुरुवार

वॉचमन, इस्त्रीवाला, भाजीवाली, दवाखान्यातली डॉक्टरीण, सगळ्यांना विचारून झालं. एकही इथला नाही! डॉक्टरीण म्हणाली, "आजी, मी तर मागच्या वर्षी आले." भाजीवाली म्हणाली, "भाजीसुद्धा इथली नाही, मी कुठली असणार."

रात्री जेवताना हे धाकट्याला सांगितलं. तो घास थांबवून हसायला लागला. म्हणाला, "अगं आई, तुझ्या मांडीवर काय आहे?"

पिटुकली! मला सुचलंच नाही. अख्ख्या गावातली पहिली गाववाली माझ्या मांडीवर, आणि मी जग हिंडतेय!

९ मार्च, शनिवार

आज वर जाऊन आले. किती दिवस नुसतं बघणार. रोज तीन-तीनदा कामाला जाणाऱ्या पोरीला कोणीतरी चार गोष्टी सांगायला हव्यात. गरम जेवणाचा डबा भरला, पिटुकलीला सुनेकडे दिलं आणि चढले जिना.

दार एका ठेंगणीने उघडलं. गोल चेहरा, केस कापलेले. मी म्हटलं, "कोटवाली इथेच राहते ना? तिला म्हणावं, जीवाला थोडं जप, पोरी. एवढं काम बरं नाही. तुझ्या आईला कळलं तर काय वाटेल तिला?"

ठेंगणीने वळून आत बघितलं. मग आतून हसायचा आवाज. एक ताडमाड उंच पोरगी आली, तिच्यामागे चष्मा लावलेली, डोळे चोळत. तिघी माझ्याकडे बघतात, मी तिघींकडे. कोट दारामागे खिळ्याला.

"आजी," उंचाडी म्हणाली, "यातली तुमची कोणती?"

काय सांगू! वरून बघितलं की नुसतं डोकं आणि कोट दिसतो. उंची वरून दिसते थोडीच! आणि उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. एक कोट, तिघी जणी. सकाळी एक घेऊन जाते. ती आली की दुसरी. ती आली की तिसरी. मी तिघींची मिळून एक केली आणि तिच्यासाठी रडलेसुद्धा!

तिघी कोल्ड स्टोरेजमध्ये आहेत. गोठवलेले वाटाणे पिशव्यांत भरायचे. आत एवढी थंडी की बोलताना तोंडातून वाफ निघते. कंपनीचा कोट पातळ, म्हणून तिघींनी मिळून हा एक चांगला घेतला. ठेंगणी म्हणाली, "बाहेर ४० आणि आत उणे. आजी, आमचं नाक बाराही महिने गोंधळलेलं असतं."

डबा तिघींनी मिळून खाल्ला. एका डब्यात तिघींचं काय होणार. उद्या मोठा नेईन.

१० मार्च, रविवार

काल एक लिहायचं राहिलं. थकून झोप लागली.

तर त्यांची खाट. खोलीत एक खाट, एकच. बाकी अर्ध्या खोलीत मालकाचं सामान कोंडलेलं. मी म्हटलं, दोघी खाली निजता वाटतं? तर नाही! खाटेवरच तिघी. पण एका वेळी एकच. रात्रपाळीची दिवसा झोपते, सकाळची संध्याकाळी, दुपारची रात्री. उशा तिघींच्या तीन, त्या बदलायच्या. चादर आपापली. चष्मेवाली म्हणाली, "आजी, आमची खाट कधी थंड होत नाही." हसत म्हणाली. मी खाटेवर हात ठेवून बघितला. खरंच गरम होती.

एका खोलीत राहून तिघींची एकत्र गाठ सुट्टीच्या दिवशीच पडते, शनिवारी. बाकी जिन्यात. कोट देता-घेता जे बोलायचं ते बोलून घेतात. वीज गेली, मालक येऊन गेला, घरून फोन आला, सगळं जिन्यात!

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याहून नवल जास्त वाटलं. कोणाच्या डोक्यातून निघालं असेल हे पहिल्यांदा?

१२ मार्च, मंगळवार

आता मला सगळीकडे तेच दिसायला लागलंय! खालचा गाळा. सकाळी इस्त्रीवाला, संध्याकाळी त्याच टेबलावर चपला शिवणारा. एकमेकांची ओळखही नाही धड, पण टेबलाचा पाय मोडला तेव्हा दोघांनी मिळून ठोकला. समोरची शाळा सकाळी मोठ्यांची, दुपारी छोट्यांची. बाकांवर दोघांची नावं कोरलेली. टॅक्सीवाल्याची जागा दिवसा पाववाल्याच्या टेम्पोची.

म्हणजे माणसं जागेपेक्षा जास्त आहेत, पण सगळी एकदम आत नसतात. आत-बाहेर, आत-बाहेर. म्हणून मावतात. मला कळलं! हे कळल्यावर एवढा आनंद झाला की पिटुकलीला उचलून गोल फिरवलं. ती शिंकली.

१३ मार्च, बुधवार

पाणी आलं नाही. चौथ्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडून दोन बादल्या. तीच ती, जिच्याकडे चुकून बसले होते!

१५ मार्च, शुक्रवार

तिकिटाचं लिहायचं टाळतेय किती दिवस.

आमचं ठरलेलं असं. पिटुकली झाली तेव्हा मी आले, तीन महिने माझे. पुढचे तीन विहीणबाईंचे, म्हणजे सुनेच्या आईचे. मग पुन्हा मी. सून १ तारखेपासून कामावर जाणार, बँकेत आहे ती. घरात बाई हवीच. पण दोन नकोत. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आतल्या खोलीत ती दोघं आणि पाळणा. बाहेरच्या खोलीत माझी खाट आणि सोफा, सोफा एवढा आखूड की पाय बाहेर. स्वयंपाकघरात गादी टाकली की फ्रिज उघडत नाही. जागाच नाही, धाकट्याची काय चूक.

थोरल्याकडे जायचं. थोरला वाईट नाही. थोरली सून तर गुणी. पण दोघं सकाळी दुकानात जातात ती रात्रीच येतात. नातवंडं शिकायला बाहेर. खिडकीसमोर गोदामाची भिंत. दिवसभर त्या भिंतीशी काय बोलणार? मध्येच "ऊं" सुद्धा म्हणत नाही ती!

आणि तीन महिन्यांत पिटुकली बसायला लागेल. मी बघितलेलं नसेल. माझ्याकडे परक्यासारखी बघेल आणि रडेल. सगळी लहान मुलं रडतात. मला ठाऊक आहे. पण माझ्याकडे बघून नको.

१६ मार्च, शनिवार

धाकट्याला हळूच म्हटलं, मी सोफ्यावर निजेन. विहीणबाईंना खाट. तो म्हणाला, "आई, तुझी कंबर. दुसऱ्या दिवशी उठशील का?" बरोबर आहे. परवा प्रयोग म्हणून दुपारी निजून बघितलं होतं. उठायला सुनेला हाक मारावी लागली. त्याला सांगितलेलं दिसतंय.

२० मार्च, बुधवार

चष्मेवाली सोडून चाललीय! वर डबा घेऊन गेले तर पिशवी भरत होती. दुसरीकडे काम मिळालं, थंडी नसलेलं. कागद चिकटवायचं काहीतरी. खूश होती. उंचाडी मात्र तोंड पाडून बसलेली. "आजी, रात्रपाळीची दुसरी कोणी मिळेपर्यंत आमची खाट दिवसा रिकामी."

खाट दिवसा रिकामी!

जिना उतरताना दोनदा कठडा धरून थांबले. आनंदाने, कंबरेने नव्हे.

पिटुकली रात्री जागते. कामावर जाणाऱ्या सुनेला रात्री झोप हवी. मग मी रात्री पिटुकलीला घेऊन बाहेरच्या खोलीत सोफ्यावर बसून राहीन. बसायला चालतो सोफा, निजायला नाही. विहीणबाई खाटेवर निवांत झोपतील. सकाळ झाली की पिटुकली त्यांच्याकडे आणि मी वर. माझी उशी घेऊन! खाटेचा तिसरा हिस्सा माझा.

कोणी मला अडाणी म्हणेल?

२१ मार्च, गुरुवार

धाकट्याला सांगितलं. जेवण झाल्यावर, पोट भरलेलं बघून. ऐकून घेतलं सगळं. मग भडकला. असा भडकलेला मी त्याला लग्नानंतर पहिल्यांदा बघितला.

"आई, लोक काय म्हणतील? लिफ्टवाल्याने स्वतःच्या आईला वरच्या पोरींच्या खाटेवर झोपायला पाठवलं! मी या बिल्डिंगांच्या लिफ्टमधून वर-खाली करतो दिवसभर. सगळे ओळखतात मला."

मी म्हटलं, लोकांची स्वतःची जागा तरी कुठे एकट्याची आहे. तो म्हणाला, "तू माझी आई आहेस. तुला मी एक पूर्ण खाट देऊ शकत नाही, हे मला कळत नाही का? वर आणखी तूच पाट्या लावत फिर!"

आवाज फाटला त्याचा.  तो रागावला नव्हता. त्याला लाज वाटत होती. पोरगा रोज दुसऱ्यांना मजल्यावर पोहोचवतो आणि आईला ठेवायला जागा नाही. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी आपली आनंदात नाचत होते.

विषय बंद. तिकीट तसंच.

२६ मार्च, मंगळवार

विहीणबाई आल्या. शाळेत बाई होत्या, तीस वर्षं. बोलतात मोजकं, चालतात सरळ. येताच पिटुकलीचे कपडे मापाप्रमाणे लावून ठेवले. मी आपले एकात एक कोंबले होते. मला भीती वाटते त्यांची थोडी. खाट त्यांना दिली, मी चार दिवस मैत्रिणीकडे, चौथ्या मजल्यावर निजणार.

पिटुकली त्यांच्याकडे गेली. रडली नाही. बरं झालं. बरंच झालं.

२८ मार्च, गुरुवार

विहीणबाईंनी मला अचानक विचारलं, "वरच्या मुलींच्या खाटेचं काय प्रकरण आहे?" लेकीने सांगितलं असणार! मी जीभ चावली. म्हटलं, काही नाही हो, म्हातारीचं खूळ. त्या म्हणाल्या, "नीट सांगा. सुरुवातीपासून."

शाळेत उभं केल्यासारखं सगळं सांगितलं. कोट, मी तिघींची केलेली एक पोरगी, गरम खाट, इस्त्रीवाल्याचं टेबल, शाळेतले बाक. हसल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "चादर आपापली असते का?" म्हटलं, हो. "आणि खिडकीला पडदा?" म्हटलं, जाड आहे, निळा. मान हलवली आणि बाटल्या उकळायला गेल्या.

असले घाणेरडे विचार ऐकून त्यांना किळस आली असेल.

३० मार्च, शनिवार

पिशवी भरली. वर जाऊन आले. उंचाडीने मला कोट घालून बघायला लावला! बाई गं, काय वजन. ठेंगणीने फोटो काढला. म्हणाली, "आजी, आता वरून बघितलं तर तुम्हीसुद्धा आमच्यातल्याच." पोरींच्या समोर हसले. जिन्यात बसून थोडं रडून घेतलं. तिथून कोणी ना कोणी जातच असतं, म्हणून फार रडता येत नाही इथे. तेही बरं.

 पिशवीला कुलूप धाकट्यानेच लावलं. दोनदा उघडून दोनदा लावलं.

३१ मार्च, रविवार

सकाळी विहीणबाई सापडेनात. खाट आवरलेली, उशी गायब. धाकटा वर-खाली करून आला. मग आम्ही दोघं वरच्या पोरींकडे गेलो, तर तिथे! उंचाडीने दार उघडलं तर या आत चादर घालत होत्या, कोपरे ओढून ओढून.

धाकटा म्हणाला, "अहो आई, तुम्ही इथे? हे बरं दिसत नाही." त्या म्हणाल्या, "जावईबापू, सासूने कुठे झोपायचं हे जावयाने सांगायचं नसतं. मला तीस वर्षं पेपर तपासून रात्री जागायची सवय आहे. रात्रीची पिटुकली माझी, दिवसाची तुमच्या आईची. लोकांनी विचारलं तर माझं नाव सांगा." धाकटा आल्या पावली वळला! सासूबाईंना उलट बोलणार कसा?

खाली आल्या, माझ्या पिशवीचं कुलूप काढून चावी मला दिली. म्हणाल्या, "घोरता तुम्ही, मुलीने सांगितलंय. झोपून ऐकण्यापेक्षा मी जागी राहून ऐकेन."